दोन तळहातांएवढी जमीन

आमच्यासारख्या पगारदार माणसांच्या घरात वस्तूंचे दोन वर्ग असतात. एक वापरायच्या वस्तूंचा आणि दुसरा जपायच्या वस्तूंचा. कपाटाच्या वरच्या कप्प्यातला काचेचा सेट, लग्नातली पैठणी, पाहुणे आले तरच बाहेर निघणारी चादर ही सारी मंडळी दुसऱ्या वर्गातली. त्यांना काम काही नसते, पण मान मोठा असतो. निवृत्त माणसाच्या वाट्याला यातला पूर्वार्धच तेवढा येतो!

माझी मोटारसायकल गेली काही वर्षे या दुसऱ्या वर्गात जाऊन बसली आहे. हीरो होंडा करिझ्मा हे तिचे नाव. २००३ साली ही गाडी बाजारात आली, आणि दोन वर्षांनी माझ्या दारात. २२३ सीसीचे इंजिन, पुढच्या दिव्याभोवती वारा अडवणारे आवरण आणि पिवळाधमक रंग. वेगाची हौसही भागावी आणि तीनशे किलोमीटर बसून पाठही शाबूत राहावी, अशा बेताने बांधलेली गाडी. तिच्या जोडनावातल्या दोन कंपन्यांनी २०१० साली काडीमोड जाहीर केला. पण लग्नातल्या भांड्यांवर जोडप्याचे नाव राहावे तसे माझ्या टाकीवर दोघांचेही नाव अजून नांदते आहे. रविवारी तिच्यावरचे कापड काढावे, पुसावे, एक फेरी मारावी आणि पुन्हा कापड घालावे, असा आमचा नेम.

हा नेम आमच्या कन्येने मोडला. "बाबा, दिवाळी झाली की आईला मागे बसवून मी कणकवलीला जाऊ का? तुमची गाडी घेऊन." कणकवली हे हिचे माहेर. पुण्याहून कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरून कोकण. मी हिच्याकडे पाहिले. ही पोळी लाटण्यात गढून गेली होती. त्यावरून ओळखले की ठराव माझ्यापुढे येण्याआधीच बहुमताने मंजूर झालेला आहे. माझ्याकडे फक्त अंमलबजावणी होती.

मोटारसायकल पाहणारा माणूस टाकीची चकाकी पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, 'ॲव्हरेज' विचारतो. खाली वाकून टायर पाहणारा विरळा. वास्तविक दीडशे किलोच्या आसपासची ती गाडी, त्यावर दोन माणसे, त्यांच्या पिशव्या आणि आजोळी न्यायचा फराळ, असा सारा संसार जमिनीला टेकतो तो दोनच ठिकाणी. आणि प्रत्येक ठिकाण तळहाताएवढे! ब्रेक कितीही चांगला असला तरी तो चाक थांबवतो. गाडी थांबते ती या दोन तळहातांनी जमीन धरली तर. म्हणून मी त्या दिवशी पायरीवर बसकण मारली आणि चष्मा पुसून टायर वाचायला घेतले.

होय, वाचायलाच. टायरच्या कुशीवर एवढा मजकूर असतो की चार दिवस पुरावा. माझ्या मागच्या टायरवर १००/९०-१८ असे लिहिलेले आहे. १०० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे त्या रुंदीच्या नव्वद टक्के उंची. १८ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. मेट्रिक आणि इंग्रजी मापे एकाच ओळीत सुखाने नांदताना पाहायची असतील तर टायर पाहावा! पुढे ५६ आणि पी. ५६ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ २२४ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंतचा भरवसा. पुढचा टायर २.७५-१८, ४२ पी; त्याला १५० किलोंचा भार चालतो. दोन माणसे आणि फराळ धरूनही हिशेब जमत होता.

एवढ्यात शेजारचे गृहस्थ आले. त्यांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले, टायरच्या खाचेत घातले आणि निकाल दिला, "उत्तम नक्षी आहे हो! अजून दहा हजार किलोमीटर सहज जाईल." नक्षी खरोखरच उत्तम होती. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजत झिजत टायर त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले, अशी ती खूण. माझे टायर त्या खुणेच्या पुष्कळ वर होते. पण खूण सांगते ती झीज. वय निराळ्या जागी लिहिलेले असते. एका लहानशा लांबट गोलात चार आकडे असतात. माझ्या दोन्ही टायरवर ते '१४१६' होते. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. एप्रिल महिन्यातला जन्म.

रबराची गोष्ट मोठी मजेची आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठरते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली त्यात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती काढली आणि रबर शहाणे झाले. पण हे शहाणपणही वयाबरोबर वाढत जाऊन शेवटी हट्टीपणावर येते. हवेतला प्राणवायू रबराला हळूहळू कडक करतो. ओझोन त्याला केसासारख्या बारीक भेगा पाडतो. यावर उपाय म्हणून कारखानदार रबरात मेणासारखी द्रव्ये घालतात. ती पृष्ठभागावर येऊन टायरला राखतात. आता गंमत पाहा! ती वर येतात टायर फिरताना, दबताना, वाकताना. फिरणारा टायर स्वतःला तेल लावून घेतो. एका जागी उभा असलेला सुकत जातो. जपून ठेवण्याने जे बिघडते आणि वापरण्याने जे टिकते, अशा वस्तूपुढे आमचे कपाटाचे शास्त्र हात टेकते.

टायर बनवणारेच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, तो बदलावा. माझ्या टायरच्या खाचांच्या कडेला नखाने दाबले तर नख रुतत नव्हते, आणि बारीक भेगा उजेडात दिसत होत्या. कोरड्या सपाट रस्त्यावर हे खपून गेले असते. पण दाजीपूरच्या जंगलातला दवाने भिजलेला पालापाचोळा आणि घाटाखाली रस्त्यावर आलेली तांबडी माती यांना नाण्याची परीक्षा मान्य नसते. मागच्या आसनावर कोण बसणार होते, हे मी शेजाऱ्यांना पुन्हा एकदा सांगितले. त्यांनी नाणे खिशात ठेवले.

टायरच्या दुकानात गेलो तेव्हा पहिला प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला : "कुठला जास्त टिकेल?" हा आपला कुलप्रश्न आहे. चप्पल असो, जावई असो की प्रेशर कुकर, आपण आधी तेच विचारतो. दुकानदार अनुभवी होता. तो म्हणाला, "काका, टिकणारा पाहिजे की धरणारा पाहिजे?" आणि त्याने दोन टायर पुढे ठेवले. एकाचे रबर कडक. तो पुष्कळ किलोमीटर जाणार. दुसऱ्याचे मऊ. तो लवकर झिजणार. पण ओल्या रस्त्याला धरणार. मऊ रबर खडीच्या बारीक उंचसखलपणात शिरते, रस्त्याच्या अंगाला अंग लावते, आणि त्या लगटीत थोडे थोडे स्वतः खर्च होते. आपल्याकडे झिजण्याचा मान चंदनाला आहे. टायरला तो कुणी दिलेला नाही. पण काम दोघांचे एकच!

अगदीच मऊ रबर शर्यतीच्या गाड्यांचे. त्याची मला गरज नव्हती. पुणे ते कोल्हापूर हा सरळ महामार्ग. तिथे टायर मधोमध झिजून सपाट होतो, आणि पुढे घाटात गाडी वळणावर झुकवताना त्या सपाटीची कड बोचते. म्हणून मला मधले रबर हवे होते : लांबच्या रस्त्याला पुरणारे आणि पावसात पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचे.

मग मोह आला. दुकानात बसलेल्या एका तरुणाने सुचवले की मागे रुंद टायर बसवा, गाडी 'भारी' दिसेल. दिसली असती यात शंका नाही. पण रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या कडा आवळल्या जातात, माथा नको तितका टोकदार होतो आणि गाडी वळणात आपल्या मर्जीने वागू लागते. शिवाय तो साखळीला घासण्याचा संभव. इंजिनियर मंडळींनी गाडी आखली तेव्हा त्यांनी चाकाचे माप काही पंचांग पाहून ठरवले नव्हते. मी १००/९०-१८ वर ठाम राहिलो. हल्लीच्या बहुतेक खेळकर गाड्यांना सतरा इंची चाके असतात, त्यामुळे अठरा इंचांत निवड थोडी. पण थोड्यांतून निवडण्याचा सराव आमच्या पिढीला आहे.

दुसरा मोह काटकसरीचा. "मागचाच बदला की," दुकानदार म्हणाला, "पुढच्याची नक्षी नव्यासारखी आहे." पण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झेपावतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. त्याचाही जन्म त्याच चौदाव्या आठवड्यातला. दोन्ही बदलायचे ठरले. निघालेला टायर मी कुशीवर फिरवून चार आकडे वाचले. दोन वर्षांचा होता. मी ताजा मागितला. दुकानदार हसून म्हणाला, "काका, टायर आहे, दूध नाही!" मी म्हणालो, "दूध नासले तर वासावरून तरी कळते." त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवले.

बसवताना मी जवळ उभा राहिलो. टायरवर बाण असतो. चाक पुढे फिरते त्या दिशेला तो हवा. व्हॉल्व्ह नवा घालून घेतला, चाकाचा तोल तपासून घेतला. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून पाहून गेलो होतो : मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, आणि हवा मोजायची ती टायर थंड असताना. कन्येला मी हे सारे एका कागदावर लिहून दिले. शिवाय बजावले की नव्या टायरचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो. पहिले १५० किलोमीटर जोराचा ब्रेक नाही, वळणात फार झुकणे नाही. "म्हणजे साताऱ्याच्या पुढे जाईपर्यंत शहाण्यासारखे," ती म्हणाली. मी म्हटले, "कणकवलीपर्यंतही हरकत नाही."

बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली हवेचा टायर तयार केला, तो कारखान्यासाठी नव्हे. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडत होती. त्या पोराच्या पाठीला हादरे बसू नयेत, एवढाच हेतू. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने याच कल्पनेचे पेटंट घेतले होते. पण जगाला टायर मिळाला तो बापाच्या काळजीतून. मला ही हकीकत माहीत होती, पण तिचा अर्थ त्या दुकानात पाना-टॉमीच्या आवाजात नीट कळला. मुलगी लहान होती तेव्हा रस्ता ओलांडताना तिचा हात माझ्या हातात असे. फोंडा घाटातल्या वळणावर मी असणार नाही. तिथे धरायला माझ्याकडून जाणार ते हे दोन तळहात. ते मऊ असावेत, ताजे असावेत आणि त्यांनी ऐन वेळी सोडू नये, एवढे मात्र माझ्या हातात होते.

संध्याकाळी गाडी दारात आणली. ही बाहेर आली, चारी बाजूंनी फिरून पाहिले आणि म्हणाली, "एवढे हजारांनी पैसे घातलेत, आणि आहेत ते काळेच! निदान रंग तरी बदलायचा."

मी खुलासा केला की रबर मुळात काळे नसते, पांढुरके असते. त्यात मुद्दाम काजळी मिसळतात. तिच्यामुळे ते बळकट होते, झीज कमी होते, उन्हाचाही त्रास सोसते.

"म्हणजे तीटच की ती," ही म्हणाली, आणि आत फराळाचे डबे भरायला गेली.