पाच वाटांनी जाणारं पाणी

कोल्हापूरच्या माणसाला नदी म्हणजे एकत्र येणं, हे वेगळं शिकवावं लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीवरून उतरतात, प्रयाग चिखलीला एकमेकींना भेटतात, पाचवी गुप्त सरस्वती श्रद्धेने त्यांच्यात धरली जाते आणि पंचगंगा होते. तीही पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या पोटात शिरते. कराडला कृष्णा-कोयना, माहुलीला कृष्णा-वेण्णा. आपली तीर्थं बहुतेक मिळण्याच्या जागी वसली. पंचगंगेच्या घाटावर वाढल्यामुळे नदी मोठी होते ती दुसरीला भेटून, अशीच माझी समजूत होती.

तंजावरजवळच्या तिरुवैयारुला याच्या नेमकं उलट घडतं. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी या पाच नद्यांनी या गावाला नाव दिलं. तिथल्या शिवालाही पंचनदीश्वर म्हणतात. पण या पाच जणी इथे एकमेकींना भेटायला आलेल्या नाहीत. त्या एकाच कावेरीच्या फुटलेल्या वाटा आहेत आणि समुद्राकडे जाताना एकमेकींपासून दूरच होत जातात. भोसल्यांच्या घराण्याची एक गादी पंचगंगेच्या काठी, जिथे पाचांची एक होते. दुसरी तंजावरला, कावेरीच्या मुलखात, जिथे एकीच्या पाच होतात. हे लक्षात आलं त्या दिवसापासून तंजावर-तिरुवैयारुचा रस्ता मला पायी चालावासा वाटू लागला.

रस्ता 13 किलोमीटरचा. मी निघते ती तंजावरच्या शिवगंगा बागेतून. बृहदीश्वर मंदिराला वेढून जो छोटा किल्ला आहे त्याच्या आत ही बाग आहे. नगरपालिकेने ती 1871-72 मध्ये लोकांसाठी उभी केली. बागेतलं तळं मात्र फार जुनं, गोड पाण्यासाठी नावाजलेलं. जवळच 1779 सालचं श्वार्ट्झ यांचं चर्च आहे. तुळजाजी महाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींना याच जर्मन मिशनऱ्याने लहानपणी शिकवलं आणि सांभाळलं. भल्या पहाटे इथे फिरणारी माणसं तटाच्या सावलीतून जातात. जिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नसेल तिथे आज कुणीही चपला घालून फेरी मारतं, बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतं. किल्ल्याची बाग होणं मला नेहमीच सुखाचं वाटतं. जी जागा माणसांना बाहेर ठेवण्यासाठी बांधली, ती त्यांना आत घेऊ लागते.

बागेतून उत्तरेला लागलं की करंदै येतं आणि वडवारु लागते. इथे 1911 मध्ये स्थापन झालेला करंदै तमिळ संगम आहे. पुढे वेण्णारु, मग वेट्टारु, मग कंडियूर, जिथे शिवाने ब्रह्मदेवाचं एक शिर उतरवलं अशी कथा सांगतात. मग कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलेल्या दिवसांत या रस्त्याने चालावं. एक पूल ओलांडावा, भातरोपांच्या हिरव्या तुकड्यांमधून, नारळीच्या आणि केळीच्या सावलीतून जावं, तोच पुढचा पूल. पाचही पुलांवर थांबले तेव्हा पाणी सारखंच दिसलं, गढूळ तांबूस, घाई नसलेलं. तरी प्रत्येकाचं काम वेगळं. वडवारु आणि वेट्टारु या वेण्णारुच्या लेकी. वेण्णारु स्वतः वर कल्लणैपाशी कावेरीतून निघते. कुडमुरुट्टीही कावेरीचीच शाखा.

कल्लणै हा दगडी बांध चोळ राजा करिकालनाच्या नावाने ओळखला जातो. परंपरा तो सुमारे दुसऱ्या शतकातला मानते. पाणी अडवून साठवणं हा त्याचा हेतू नव्हता. पुराचा लोंढा कोळ्ळिडम नदीकडे वळावा आणि शेतांकडे जाणारं पाणी कावेरीत राहावं, यासाठी तो वाळूत रोवला. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन हा इंग्रज अभियंता सैल वाळूत पाया कसा धरायचा हे या बांधाकडूनच शिकला. 1934 मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झालं आणि त्याच वर्षी कल्लणैपासून एक नवा कालवाही निघाला. रिवाजाने 12 जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात, पाणी कल्लणैला येतं, तिथून वाटलं जातं आणि कुरुवै हंगामाचं भात लावायला माणसं चिखलात उतरतात. या प्रदेशातली नदी म्हणजे पंगतीत वाढत जाणारं माणूस आहे. शेवटच्या पानापर्यंत पोहोचायचं आणि पोहोचेतो हातातलं भांडं रिकामं झालेलं असायचं. कावेरी समुद्राला मिळते ती पूंपुहारला, अगदी बारीक होऊन. आमच्या डोळ्यांना ते क्षीण होणं वाटतं. इथल्या शेतकऱ्याला ते काम झालेलं दिसतं.

वेट्टारुच्या पुलावर एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारलं, "अय्या, नदी इतकी वाटली गेली की उरतं काय?" त्यांनी हाताने दोन्हीकडची शेतं दाखवली आणि म्हणाले, "हे."

तिरुवैयारुच्या मंदिरातली देवीही देण्याचीच आहे. धर्मसंवर्धिनी. केवळ दोन मापं भात घेऊन तिने 32 प्रकारची दानधर्माची कामं चालवली, असं इथले लोक सांगतात. ती गोष्ट ऐकली की मला तंजावरच्या मराठी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची अन्नछत्रं आठवतात. 1802 मध्ये ओरत्तनाडूला सरफोजींनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारलं. काशी-रामेश्वराच्या वाटेवरच्या माणसाला तिथे जेवण मिळे, निवारा मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. 1799 च्या तहाने राजाच्या हाती तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला होता. राज्य गेलं होतं. तरी 1801 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला लिहिताना सरफोजींनी जीव तोडून मागितलं ते छत्रांचं अन्न चालू राहावं एवढंच. गेलेल्या सत्तेपेक्षा थांबणाऱ्या पंगतीची ज्याला जास्त काळजी वाटली, तो राजा मला या नद्यांचा खरा रहिवासी वाटतो.

कावेरीच्या काठी आलं की गाव उतरतं ते थेट पाण्यात. पुष्य मंडपाच्या पायऱ्यांवर पितरांना तिलोदक देणारी माणसं आहेत, कपडे पिळणाऱ्या बाया आहेत, पाण्यात सूर मारणारी पोरं आहेत. गावाच्या मिठाईच्या दुकानांतून मुगाच्या डाळीच्या अशोका हलव्याचा तुपाळ वास रस्त्यावर येतो. तिरुमंजन वीथीत संत-संगीतकार त्यागराजस्वामी राहत. 1767 ते 1847 हे त्यांचं आयुष्य. सरफोजींनी त्यांना दरबारात बोलावलं आणि धनापेक्षा रामाची सन्निधी बरी म्हणत त्यांनी ते नाकारलं, अशी परंपरा आहे. ते दूर राहिले तरी राजाने त्यांना छळलं नाही, आणि संताने दूर राहून राजाच्या मुलखातच गाणं केलं. दोघांचं मोठेपण मला सारखंच वाटतं. एकाने ग्रंथ जमवले, सरस्वती महालात 3000 हून अधिक मराठी हस्तलिखितं आजही आहेत. दुसऱ्याने काहीच जमवलं नाही, शिष्यांना वाटत गेला.

त्यागराजांची समाधी कावेरीकाठीच आहे. तिच्यावरचं मंदिर बंगळूरच्या नागरत्नम्मा यांनी 1920 च्या दशकात आपले दागदागिने विकून उभारलं. त्या देवदासी परंपरेतल्या. ज्यांच्या पैशातून हे मंदिर उभं राहिलं, त्यांच्यासारख्या स्त्रियांना त्यागराजांच्या वार्षिक आराधनेत गायची मुभा नव्हती. नागरत्नम्मांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली आणि अखेर आराधना करणारे सगळे गट एकत्र आले. आज पुष्य वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक याच काठावर बसून नाट्टै, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतली पंचरत्न कीर्तनं एका सुरात गातात. 1952 मध्ये नागरत्नम्मा गेल्या. त्यांची समाधीही त्यागराजांच्या समोरच आहे. मी तिथे नेहमी थोडा जास्त वेळ थांबते. नदीच्या काठावर सगळ्यांना जागा असते, हे कुणालातरी भांडून सिद्ध करावं लागतं आणि ते या बाईने केलं.

मराठीचं इथे काय झालं, हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण विचारतो. व्यंकोजीराजे 1670 च्या दशकात इथे आले, 1855 मध्ये राज्य संपलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी लेख आहे. त्यापलीकडे घराघरांतली दक्षिणी मराठी आहे, ती बोलणारे थोडे. यावर हळहळ व्यक्त करून परतणं सोपं आहे. मला ते चुकीचं वाटतं. राज्य संपल्यानंतरच मराठी कीर्तनाने इथे सर्वात लांबचा प्रवास केला. रामचंद्र मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांचं मराठी कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ शब्द घेऊन चालू लागले. भजनमंडळींत अभंग त्यागराजांच्या दिव्यनाम कीर्तनांच्या पंक्तीला बसले. जे वाटलं गेलं ते मूळ नावाने ओळखू येत नाही, पण पिकलं त्याच पाण्यावर. वेट्टारुच्या पाण्यावरचं भात कावेरीचं नाव सांगत नाही, म्हणून कावेरी नाहीशी झाली असं कुणी म्हणेल का?

चैत्र-वैशाखात, तमिळ चित्तिरै महिन्यात, तिरुवैयारुचे पंचनदीश्वर नंदीला सोबत घेऊन पालखीतून आसपासच्या सहा गावांना भेटायला निघतात. तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ति आणि तिल्लैस्थानम. पालखीमागे माणसं नदीपात्रं ओलांडत, रात्रंदिवस चालतात. सप्तस्थानाचा हा फेरा पाहताना वारीतल्या माणसाचे पाय आपोआप हलू लागतात. आणि आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, आडिप्पेरुक्कु येतो. त्या दिवशी कावेरीला गर्भारशी मानून बाया चित्रान्नं घेऊन पायऱ्यांवर येतात, काळे मणी आणि ताडाच्या पानाचं कर्णभूषण पाण्याला वाहतात, गळ्यात पिवळा दोरा बांधतात. लेकरं छोटे सप्परम, म्हणजे इवले रथ, ओढत काठावर धावतात.

हा सण मला नदीवरचा सर्वात कडक पहारा वाटतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूला दरवर्षी सोडायचं पाणी 177.25 टीएमसी ठरवलं. 2020 मध्ये इथल्या विधानसभेने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून घोषित करणारा कायदा केला. हे सारं लागतंच. पण अठराव्या आडीला पात्रात वाळू उघडी असली, तर ते लाखो बायांना एकाच सकाळी कळतं, कारण त्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. आमच्या शहरांत नदीकाठी भिंती उठल्या, रस्ते गेले, आणि नदी पुलावरून गाडीच्या काचेतून दिसणारी गोष्ट झाली. तिला काय झालं ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळतं. बाग, घाट, पायवाट या शहराच्या सजावटीच्या वस्तू नाहीत. माणूस आणि पाणी यांच्यातला करार त्यांच्यावर चालतो. तो रोज पायांनी पुन्हा करावा लागतो. नदीपर्यंत चालत जाणारी माणसं जोवर एखाद्या गावात आहेत, तोवर तिच्या वाट्याचं पाणी मागायला तिथे कुणीतरी उभं राहणारच.