टाकी, फाईल आणि एक तार

मी कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यावर टॅली शिकलो, त्यापुढे संगणकाचे आणि माझे फारसे जमले नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी दोन-तीनदा भरून वाहिली आणि तळमजल्यावरच्या आजी मलाच बोलल्या, "सगळ्या वस्तीच्या मीटिंगा घेतोस, टाकीकडे कोण बघणार रे?" तेव्हा डिप्लोमा करणाऱ्या पुतण्याला हाताशी धरले.

त्याने रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक आणला व त्यावर 'नोड-रेड' सुरू केले. निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स या आयबीएमच्या दोघांनी ते २०१३ साली इंग्लंडात तयार केले आणि त्याच वर्षी सर्वांसाठी खुले झाले. पैसे पडत नाहीत. पडद्यावर चौकोन मांडायचे, त्यांना नोड म्हणतात, आणि माउसने एकातून दुसऱ्याकडे तार ओढायची.

मला काही उमजेना. पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या ऑफिसातली फाईल आठवा." आणि डोक्यात उजेड पडला! अर्ज आवकला येतो, मग छाननी, मग सही, मग जावक. नोड म्हणजे टेबल, तार म्हणजे फाईलची वाट, आणि फाईल म्हणजे 'मेसेज'. टाकीच्या झाकणाखालच्या सेन्सरकडून माप आले की 'स्विच' नावाचे टेबल बघते, पाणी खुणेच्या वर की खाली, आणि त्याप्रमाणे फाईल पुढे धाडते. वाटेत काय घडले ते 'डीबग' नोड तिथल्या तिथे दाखवतो. (आमच्या कचेरीत ही सोय नाही.)

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पाणी खुणेपाशी हेलकावे खाई आणि भोंगा क्षणाक्षणाला चालू-बंद. चूक आमचीच, दोन्ही हुकूम एकाच खुणेवर दिले होते. मग दोन खुणा ठेवल्या. वरची ओलांडली की भोंगा, आणि पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरल्याशिवाय तो पुन्हा वाजणार नाही. जोडणीच्या पानाला पासवर्डही आपणच लावावा लागतो, तो लावला.

"आता आणखी एक तार ओढली की मोटारही आपोआप," पुतण्या म्हणाला. "स्टार्टरची जोडणी तेवढी इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊ."

मोटार तात्या लावतात. वय सत्तरीपुढे, सोसायटी महिना १,५०० रुपये देते. मीटिंगमध्ये कुणीतरी बोललेच, "मग तात्यांना कशाला ठेवायचे?" कामगारांसाठी मी इतकी वर्षे निवेदने लिहितो आहे. त्या दिवशी मात्र गप्प बसलो.

रात्री तात्यांना घरी बोलावून पडदा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भोंगा माझ्या खोलीत लावा. टाकी बघायला चार जिने चढतो, तेवढे वाचेल."

भोंगा तिथेच लावला. तेव्हापासून टाकी वाहिलेली नाही. मोटारची तार ओढलेली नाही. पुढच्या सभेत हा विषय पुन्हा निघणार आहे, आणि या वेळी काय बोलायचे ते मी लिहून ठेवतो आहे.