कोल्हा कुणाच्या पाया पडेल?

लोककथेला मालक नसतो, हे माझं वर्षानुवर्षांचं लाडकं वाक्य. शाळेचा बक्षीस समारंभ असो की वाचनालयाचा वर्धापनदिन, मी ते ठेवणीतल्या शालीसारखं बाहेर काढायचो आणि टाळ्या घ्यायचो. वाक्य खोटं नाही. पण त्याच्या आड मी काय दडवत होतो, ते कळायला मला साठी उलटावी लागली.

मी वसईजवळच्या राजोडीचा. मुलांसाठी गोष्टी लिहितो. घरात कादोडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, अशा दोन भाषांत वाढलो आणि फार लवकर ठरवून टाकलं की पहिली बोलायची, दुसरी लिहायची. आमच्या बोलीतली गोष्ट म्हणजे कच्चा माल. तो धुवून, निवडून, शुद्ध करून छापला की त्याचं साहित्य होतं, अशी माझी समजूत होती. तिला समजूत म्हणतोय हेही सौम्यच झालं. ती लाज होती.

पुतणी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात राहते. तिची मुलगी वाचायच्या वयाची झाली तेव्हा मी फोनवर सुचवलं, ‘अंकल रीमसच्या गोष्टी दे तिला, ब्रेर रॅबिटच्या.’ ती म्हणाली, ‘काका, इथं ते पुस्तक मुलांच्या हातात असं सहज देत नाहीत.’ मी हसलो. सशाच्या गोष्टीतही वर्णद्वेष शोधणारी माणसं धन्य आहेत, असं काहीतरी बोललो. नंतर तिला एक लांबलचक पत्रही लिहिलं. त्या पत्रातला माझा रुबाब आठवला की अजून कानशिलं तापतात.

प्रकरण असं आहे. जोएल चँडलर हॅरिस हा गोरा मुलगा 1862 साली जॉर्जियातल्या टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावर छापखान्यात उमेदवारी करायला लागला. मळ्यावर गुलाम राबत होते. रात्री त्यांच्या खोपटांत बसून त्यानं सशाच्या, कोल्ह्याच्या, कासवाच्या गोष्टी ऐकल्या. पुढं अटलांटाच्या वर्तमानपत्रात नोकरी करताना त्या लिहून काढल्या आणि 1880 साली पुस्तक केलं. त्यात गोष्टी सांगतो तो अंकल रीमस, हॅरिसनं कल्पनेतून उभा केलेला म्हातारा. पूर्वी गुलाम असलेला, जुन्या दिवसांबद्दल मनात कडवटपणा नसलेला, मालकाच्या लहानग्याला मायेनं गोष्टी सांगणारा. पुस्तक जगभर गेलं. 1946 मध्ये डिस्नेनं त्यावर ‘साँग ऑफ द साउथ’ काढला. त्याचा पहिला खेळ अटलांटात झाला, आणि रीमसची भूमिका करणारा कृष्णवर्णीय नट जेम्स बास्केट तिथल्या वर्णभेदाच्या नियमांमुळे त्या समारंभाला जाऊ शकला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी माझा युक्तिवाद तयार होता. ‘टार बेबी’ची गोष्ट घ्या. डांबराच्या बाहुलीला ससा एक ठोसा मारतो, हात चिकटतो, मग दुसरा हात, मग पाय, मग डोकं. आता पंचावुध जातक उघडा. चिकट केसांच्या यक्षाला राजपुत्र एकेक हातपाय मारत जातो आणि तसाच चिकटत जातो. लोककथांचा संग्राहक जोसेफ जेकब्स यानं 1892 मध्येच म्हटलं होतं की ही गोष्ट मूळची भारतातली. बाकीचे म्हणाले, आफ्रिकेतली. वाद बराच काळ चालला. मी पुतणीला लिहिलं की आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर सोपारा हे जुनं बंदर आहे, तिथं अशोकाचा शिलालेख सापडला, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. या बंदरातून धान्य आणि कापड गेलं तशा गोष्टीही गेल्या असतील. मग कोण कुणाचं चोरणार? गोष्टीला मालक नसतो!

वाद जिंकल्याच्या आनंदात मी होतो. तिनं उत्तरात वाद घातलाच नाही. एवढंच विचारलं, ‘काका, तुमच्या पुस्तकात कोल्हा आणि मगरीची गोष्ट आहे ना? ती तुम्हांला कुणी सांगितली?’

मावशीनं सांगितली होती. लहानपणी, तिच्या वाडीत, केळींना पाणी सोडता सोडता. पुस्तकात तिचं नाव नव्हतं. प्रस्तावनेत ‘वसईच्या किनारपट्टीवर प्रचलित’ असा एक भारदस्त शब्दप्रयोग होता, बस.

मी स्वतःला समजावलं की अशीच पद्धत आहे. आणि ही पद्धत किती जुनी ते दाखवण्यासाठी मेरी फ्रिअरचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ काढलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची ही मुलगी. 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिनं आपल्या आयेकडून गोष्टी ऐकल्या आणि 1868 मध्ये लंडनला छापल्या. त्यातही कोल्हा आणि मगरीची गोष्ट आहे. मगर कोल्ह्याचा पंजा पकडते, कोल्हा म्हणतो, शहाणी गं शहाणी, लव्हाळ्याचं मूळ धरून बसलीस! मगर पंजा सोडते. हॅरिसच्या पुस्तकातलं कासव कोल्ह्याच्या तावडीतून थेट याच युक्तीनं सुटतं. मला पुरावा हवा होता तो मिळाला.

पण नको होतं तेही त्याच पुस्तकात मिळालं. फ्रिअरनं आयेचं नाव दिलंय: ॲना लिबराटा डिसूझा. नुसतं नाव नाही, तिची कहाणी तिच्याच तोंडून, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, गोष्टींच्या आधी छापली आहे. आजी तिला गोष्टी कशा सांगायची, नवरा गेल्यावर पोरांसाठी चाकरी कशी धरावी लागली, हे सगळं. आयेचं इंग्रजी मौजेचं म्हणून ठेवलं असेल असा संशय घेता येतो, आणि मी तो घेतलाही. पण संशय घेऊन माझी सुटका होईना. गव्हर्नरच्या मुलीनं 1868 साली आपल्या चाकरीतल्या बाईसाठी जे केलं, ते मी माझ्या सख्ख्या मावशीसाठी केलं नव्हतं.

मग पुस्तक घेऊन मावशीकडे गेलो. तिला वाचता येतं, पण चष्म्याचा कंटाळा. मी वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. कोल्हा खाडीवर चिंबोऱ्या खायला जातो, मगर पंजा धरते, कोल्हा तिवराच्या मुळाची थाप मारतो, इथवर तिची मान हलत होती. शेवट आला. माझ्या पुस्तकात शेवटी कोल्ह्याला फसवाफसवीचा पश्चात्ताप होतो आणि तो मगरीची माफी मागतो. मुलांवर चांगला संस्कार व्हावा म्हणून तो शेवट मी जोडला होता.

तिचा हात सुपात थांबला. ‘कोल्हा पाया पडला?’ तिनं आमच्या बोलीत विचारलं. ‘कुणाच्या? मगरीच्या?’

मी म्हणालो, मुलांना खोटं बोलायला शिकवायचं नाही, म्हणून तसं केलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं मला सांगायला सुरुवात केली, जसं न कळत्या पोराला सांगतात तसं. ही गोष्ट तिनं तिच्या आईकडून ऐकली ती खळ्यावर. कुळकायदा यायच्या आधीचे दिवस. जमीन दुसऱ्याची, राबणारे आम्ही, आणि भात झोडपून झालं की खंड मोजून न्यायला मालकाचा माणूस येऊन बसायचा. त्याच्यासमोर मोठी माणसं मान खाली घालून असायची. तो गेला की रात्री तिची आई, म्हणजे माझी आजी, ही गोष्ट सांगायची. ‘मगर कोण, ते आम्हां पोरांना सांगावं लागायचं नाही,’ मावशी म्हणाली. ‘खाडी तिची नव्हतीच. चिंबोऱ्या सगळ्यांच्या. तीच मधे येऊन बसली होती. मग कोल्ह्यानं माफी कसली मागायची?’

तिच्या गोष्टीत मगर शेवटी कोल्ह्याच्या बिळात दबा धरून बसते. कोल्हा बाहेरून हाक मारतो, ‘घरा रे घरा, आज बोलत का नाहीस?’ मगर घराच्या वतीनं ओ देते आणि स्वतःच्याच तोंडानं पकडली जाते. मूर्ख ठरते ती ताकदवान. माझ्या पुस्तकात हा भाग नव्हताच. पानं कमी होती म्हणून मी तो गाळला होता.

त्या दुपारी मी फारसं बोललो नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मी गोष्ट वाचवली. मी तिचे दात काढले होते. ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, कोर्ट नव्हतं, वर मान करून बोलायची सोय नव्हती, त्यांचं मालकाला दिलेलं उत्तर मी घेतलं आणि त्याचं मालकाला आवडेल असं सुभाषित केलं. हॅरिसनं निदान बोली जपायची धडपड केली आणि सांगणारा मात्र आपल्या सोयीचा बनवला. मी बोलीही पुसली आणि सांगणारीही.

मग कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर काय म्हणत होती ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तीही हॅरिसच्याच गावची, ईटनटनची. 1981 मध्ये तिनं म्हटलं होतं की हॅरिसनं तिच्या वारशाचा मोठा भाग चोरला, कारण त्यानं तिला त्या वारशाची लाज वाटायला लावली. पूर्वी मी यातल्या ‘चोरला’ या आरोपावर तावातावानं बोलायचो. तिचा रोख लाजेवर होता, आणि त्या बाबतीत मला बाहेरच्या कुठल्या हॅरिसची गरजच पडली नाही. ते काम मी घरच्या घरी उरकलं होतं.

हॅरिस फेकून द्यावा असं मला आजही वाटत नाही. त्याच्याशिवाय त्यातल्या कित्येक गोष्टी कागदावर आल्या नसत्या, हेही खरं. ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकानं 1987 पासून त्याच गोष्टी पुन्हा सांगितल्या, रीमसचं ते मळ्यावरचं चित्र काढून टाकून. त्याच्या कितीतरी आधी झोरा नील हर्स्टन ही लेखिका आपल्याच फ्लोरिडातल्या गावी परत जाऊन माणसांच्या गप्पांसकट गोष्टी घेऊन आली, आणि 1935 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुतणीला मी आता एवढंच सांगतो की पोरीला हॅरिस द्यायचाच असेल तर या दोघांच्या शेजारी ठेवून दे. आणि गोष्टी देशोदेशी फिरतात यावरही माझा विश्वास आहे. पण अफाट भटकणाऱ्या गोष्टीलाही प्रत्येक मुक्कामावर सांगणारं एक माणूस असतं, त्याला कुणाला तरी काहीतरी बजावायचं असतं. मालक नसतो, या माझ्या वाक्यात ते माणूस कधी आलंच नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तर शेवट मावशीचा असेल आणि संवाद कादोडीत. तिचं नाव घालायचं म्हणून परवानगी मागितली. मला वाटलं होतं, ती सुखावेल. तिनं आधी विचारलं, कोल्हा माफी मागतोय का अजून? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग पुस्तकात घाल. या लेखात नको, यात तू तुझंच रडगाणं गातोयस. म्हणून इथं तिचं नाव नाही. या खेपेला ते तिनं ठरवलंय.