बोरघाट आणि तीन मोटारी

नवीन पनवेलहून जुन्या पुणें-रस्त्यानें चौक व खोपोली मागें टाकून बोरघाटास लागलें म्हणजे मोटारीची खरी परीक्षा होते. उत्तरपाड्याची अँबॅसडर, पुढें ‘पद्मिनी’ हें नांव पावलेली कुर्ल्याची फियाट आणि १९८३ सालीं अवतरलेली मारुती ८००, या तिन्ही गाड्यांतून आम्हीं हा घाट अनेकदां चढला-उतरला आहे.

अँबॅसडर म्हणजे एकत्र कुटुंबांतील थोरली वहिनीच! सारें घर पोटांत घेते, खड्ड्यांची तक्रार करीत नाहीं. वळणावर मात्र तिचें मन वळवितां वळवितां हात भरून येतात. फियाटचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशीं. वळणांत ती अधिक आज्ञाधारक. पण वैशाखांत चढावर पाणी उकळे, आणि पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें घालून शिंग्रोबापाशीं विसावा घ्यावा लागे. मारुतीचें इंजिन अवघें ७९६ चें. परंतु अंग हलकें आणि ओढ पुढच्या चाकांची, म्हणून ती दोघींस सहज मागें टाकी. पांच माणसें व सामान भरलें कीं तिलाही धाप लागेच.

खरी कसोटी उताराची. ड्रमच्या ब्रेकांवर सारखा पाय ठेविला तर ते तापून धरीनासे होतात. यास्तव ज्या गियरांत चढावें त्यांतच उतरावें, हा जुन्या चालकांचा दंडक. २००२ पासून द्रुतगती मार्ग पुरा झाला, तसे हे धडे मागें पडले.

आमचा नातू सध्यां फियाट मागत आहे. आम्हांस शेजारीं बसवून, ब्रेकांस वास न येऊं देतां तो खोपोलीस उतरला, म्हणजे किल्ली त्याची.