आवाज कुणाचा?

लग्न जमवण्याच्या खालोखाल माणसाला फुकट सल्ले कशात मिळत असतील, तर ते स्पीकर घेण्यात. त्यातून तुम्ही बँकेत कारकून असाल आणि तुमचं बजेट दहा हजार असेल, तर सल्ला देणाऱ्याला जरा जास्तच जोर चढतो. ‘दहा हजारांत? अहो, एवढ्याची नुसती वायर येते!’ आमच्या लोन डिपार्टमेंटचे साहेब म्हणाले. यांच्या घरी आवाज फक्त टीव्हीचा, आणि तोही यांना मोठा करायची परवानगी नाही.

लॅपटॉप हा प्राणी मुळात गाण्यासाठी जन्मलेलाच नाही. त्याचे स्पीकर बोटाच्या पेराएवढे आणि बहुधा पोटाखाली बसवलेले. म्हणजे गवयाला गादीवर पालथं घालायचं आणि म्हणायचं, ‘हं बुवा, आता दरबारी होऊ द्या!’ खालचे स्वर काढायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते. पेराएवढ्या पडद्याकडून ती हलत नाही. त्यामुळे तबला एकटाच कामावर, डग्गा रजेवर, आणि तानपुऱ्याचा खर्ज बदली होऊन गेलेला.

आमच्याकडे हा प्रश्न उपस्थित झाला आप्पांमुळे. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. १९८४-८५ च्या सुमाराला आकाशवाणीवर रात्री लागणारं गाणं ते कॅसेटवर उतरवून घेत. पद्धत अशी, की रेडिओसमोर टेपरेकॉर्डर उभा करायचा, बटण दाबायचं आणि घरातल्या सर्वांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. त्या चाळीस कॅसेटी मी लॅपटॉपमध्ये भरून आणल्या. आप्पांनी पाच मिनिटं ऐकलं. ‘गाणं छान आहे. पण ते शेजाऱ्यांकडे चाललंय,’ एवढं बोलून ते पेपर वाचू लागले.

लॅमिंग्टन रोडवर गेलो. ‘साहेब, पाच हजार वॅट!’ दुकानदारानं एका खोक्यावर थाप मारली. आमचा पाणी तापवायचा गीझर दोन हजारांचा. खोकं उलटं करून पाहिलं, तर वीज खाणार साठ वॅट. साठ जमा आणि पाच हजार खर्च, हा ताळेबंद बी. कॉम. झालेल्या माणसाला कसा जुळावा? मग उलगडा झाला. खोक्यावरचा आकडा पी.एम.पी.ओ.चा, म्हणजे मुलगी पाहायला गेल्यावर सांगितलेला पगार. खरा आकडा आर.एम.एस.चा, म्हणजे फंड, टॅक्स आणि सोसायटीचा हप्ता कापून हातात पडतो तो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा, तर वॅट दसपट लागतात. महागाई भत्त्यासारखंच. आकडा वाढतो, घरात कळत नाही.

दुसरी भानगड डॅकची. लॅपटॉपच्या पोटात गाणं नसतं, नुसते एक आणि शून्य असतात. ते घेऊन त्यांचा आवाज करून देणारा तो डॅक. थोडक्यात, टोकन घेऊन रोकड देणारा कॅशियर. ‘बाहेरून वेगळा घ्या, बारा हजारांत चांगला येतो,’ असा सल्ला मिळाला. म्हणजे पगारपत्रकापेक्षा कॅशियर महाग! प्रत्येक लॅपटॉपमध्ये एक डॅक असतोच. मी हेडफोन लावून तपासलं. चार्जर जोडला तरी सूं नाही, खरखर नाही. मग प्रामाणिक माणसाची चौकशी कशाला लावायची? खरखर असतीच, तर हजारभर रुपयांची यू.एस.बी.ची डबी पुरली असती.

‘वीस ते वीस हजार हर्ट्झ’ हे तर सगळीच खोकी छापतात. तरुण कानाला तेवढं ऐकू येतं. पुढं वय वाढतं तसा कान वरच्या टोकाकडून झिजतो, खालचे स्वर पुष्कळ दिवस टिकतात. आप्पांच्या दृष्टीनं महत्त्व खालच्यांना होतं. म्हणून ब्लूटूथचा रंगीत डबा नको म्हटलं आणि आतच ॲम्प्लिफायर असलेली, चार इंची वूफरची लाकडी जोडी उचलली. नऊ हजार चारशे.

आता मांडणी. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, छोटा पडदा कानाच्या उंचीवर यावा आणि कोपरा टाळावा, नाहीतर डग्ग्याचा ढोल होतो. आमची खोली दहा बाय बारा. ‘अहो, तुमच्या त्रिकोणाचं एक टोक माझ्या शिलाईच्या कपाटात जातंय,’ सौ. म्हणाली. कपाट वीतभर सरकलं. भूमितीपुढं गृहखात्यानं नमतं घेतल्याची आमच्याकडे ही एकच नोंद आहे.

रविवारी सकाळी पहिली कॅसेट लावली. तानपुरा भरून आला. डग्गा रजा संपवून रुजू झाला. आणि त्या सगळ्याच्या खालून एक जाड घरघर येऊ लागली. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. ‘ग्राउंड लूप आहे, आजोबा. चार्जर काढतो, जाईल,’ म्हणून ते प्लगकडे वाकले.

‘हात लावू नकोस,’ आप्पा म्हणाले. ‘मशीन आहे ते. तुझी आजी ब्लाउज शिवतेय.’

त्या टेपरेकॉर्डरचे हप्ते त्याच मशीनवर फिटले होते. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. गाणं चालू असताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, हा नियम तिला लागू नव्हता, कारण सकाळी गिऱ्हाईक दारात असायचं.

कुणी काही बोललं नाही. विलंबित संपून द्रुत सुरू झाली. मशीनही जरा जलद चालल्यासारखं वाटलं. ‘लयीला पक्की होती,’ आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं चष्मा पुसत, ‘काय रे, केवढ्याला पडले हे?’

‘नऊ हजार चारशे.’

‘महाग नाहीत,’ आप्पा म्हणाले. १९७० नंतरच्या कुठल्याही वस्तूबद्दल हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.