ऐकलेली कीर्ती

पन्नाशी उलटल्यावर ग्रीक भाषेचा श्रीगणेशा करणे हे अमरावतीसारख्या गावी शहाणपणाचे लक्षण समजले जात नाही. आमच्या स्नेह्यांनी ते थट्टेवारी नेले. परंतु पंचवीस वर्षे वर्गात होमरविषयी बोलूनही त्याची एक ओळ आपण मुळातून वाचलेली नाही, ही गोष्ट आम्हांस टोचू लागली होती.

शिकू लागलो तो परक्या घरी गेल्यासारखे वाटलेच नाही. शाळेत अर्धवट शिकलेल्या संस्कृतातील द्विवचन होमरच्या भाषेतही भेटले. भूतकाळी क्रियापदाच्या आधी लागणारा ‘अ’ तेथे ‘ए’ होऊन उभा होता. परंतु आम्हांस खरे थांबविले ते एका शब्दाने. वीर ज्या कीर्तीसाठी प्राण वेचतो, तिला होमर ‘क्लेओस’ म्हणतो. हा शब्द व वेदांतील ‘श्रवस्’ ही सख्खी भावंडे होत. दोहोंचे मूळ ‘ऐकणे’ या अर्थाच्या एकाच धातूत आहे. या कीर्तीस ‘अक्षय’ हे विशेषणही दोन्हीकडे लागते, हे आडालबर्ट कून या जर्मन पंडिताने १८५३ मध्येच दाखविले. कीर्ती म्हणजे ऐकू येते ती. ग्रंथात मिटून असते ती नव्हे.

या ऐकण्याचे शास्त्र मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने मांडले. ॲकिलीज तंबूत रुसून बसला असला तरी कवी त्याला ‘चपळ पायांचा’च म्हणतो. गाणाऱ्याच्या ओठी असे ठरीव तुकडे असतात आणि ओळ त्यांवर तोलली जाते, असे त्याने सांगितले. ते पडताळून पाहण्यासाठी १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात हिंडला. तेथे आव्दो मेजेदोविच या निरक्षर शाहिराने त्याला बारा हजारांवर ओळींचे एक काव्य मुखाने सांगितले. पॅरी १९३५ मध्येच वारला. पुढे त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला.

हा ग्रंथ वाचताना आम्हांस एकाएकी अकोल्याजवळचे आपले गाव आठवले. १९९० च्या सुमाराची गोष्ट. पीठ चक्कीवरून येऊ लागले होते, तरी डाळ भरडावयास आजी जात्याशी बसे आणि ओव्या म्हणे. त्यांत रुक्मिणी फार येई. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास आली असता तिचे हरण झाले, अशी आमच्या मुलखाची श्रद्धा. ऋद्धपुरास महदाइसेने तेराव्या शतकात धवळे गाइले, तेही रुक्मिणीच्याच लग्नाचे. आजी मात्र तिच्याविषयी शेजारच्या लेकीविषयी बोलावे तशी बोले. ओवीचा पूर्वार्ध बहुधा ठरलेला असे. उत्तरार्धात ती कधी रुक्मिणीचा भाऊ आणी, कधी स्वतःचा.

त्या सुटीत आम्ही इलियडचे इंग्रजी भाषांतर वाचीत होतो. हेलनच्या हरणापायी दहा वर्षे चाललेल्या युद्धात आम्ही गढलो होतो, आणि जात्याच्या घरघरीने चित्त विचलित होत होते. आम्ही आजीला गाणे थांबवावयास सांगितले. ती हसून म्हणाली, “वाच बापा, वाच. हे तं रोजचंच हाये.”

पॅरी ज्यासाठी समुद्र ओलांडून गेला, ते आमच्या ओसरीवर होते. आणि होमर वाचावयाचा म्हणून आम्हीच ते गप्प केले. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या आजीची एकही नसावी. आम्हीही एकसुद्धा उतरून ठेवली नाही.

हल्ली होमर शिकवावयास घेतला की पहिल्या दिवशी आम्ही पुस्तके मिटावयास सांगतो. घरी जी कोणी वडीलधारी असेल तिच्याजवळ बसावे आणि एक तरी ओवी ऐकून यावी, एवढाच त्या दिवशीचा पाठ. परवा एका मुलीने विचारले, “सर, ओवी वहीत लिहून आणायची का?” आम्ही म्हणालो, “लिही. पण आधी पुरती ऐक.”