कावा

मराठी भाषेच्या तबेल्यात घोडी किती आहेत, याची मोजदाद एकदा कोणीतरी करायला हवी. आपण आपले घोडे पुढे दामटतो, ते कुठेतरी पेंड खाते, वरातीमागून येते, आणि परीक्षा तोंडावर आली की घोडामैदान जवळ येते. ही भाषा बोलणाऱ्या शहरी मंडळींनी घोडा पाहिलेला असतो तो बहुधा माथेरानला, नाहीतर नवरदेवाच्या खाली. जनावर गेले, म्हणी उरल्या. 'कावा' या शब्दाचेही तसेच. वर्गात 'गनिमी कावा' म्हटले की मुलांना डावपेच आठवतात. घोड्याला गोल फेर धरून फिरविणे म्हणजेही कावा, हा अर्थ कोशात निमूटपणे पडून असतो. तो चार पायांवर चालताना मी पाहिला तो गेल्या वर्षी, शिरूरच्या रस्त्यालगत, माझ्या भाच्याच्या शेतावर.

भाच्याने ही घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत हा घोड्यांचा बाजार भरतो. घोडी मारवाडी, कानांची टोके वर एकमेकींना टेकणारी. नाव चंद्री. आधीच्या धन्याने तिला वरातीत नाचविले होते. लगाम वर खेचलेला, मान ताठ, कानाशी ताशा. पाहणाऱ्याला यात रुबाब दिसतो. पण मान अशी वर गेली की पाठ खाली खचते, आणि त्या खचलेल्या पाठीवर जरीचे खोगीर आणि नवरदेव! इकडे आल्यावर ती तंग आवळताच कान पाडून चावायला धावू लागली. भाच्याला तिने दोनदा खाली घातले. गावाने निदान केले, "खोडील आहे." डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि वेगळेच सांगितले. पाठीच्या मणक्यांवर जे उभे काटे असतात, ते मधल्या भागात एकमेकांना घासत होते. खोड नव्हती, दुखणे होते.

डॉक्टर मोठे बोलके. त्यांच्याकडून मला कळले की घोड्याची पाठ निसर्गाने माणूस बसावा म्हणून केलेलीच नाही. खाली लोंबणारे अवजड पोट तोलून धरण्यासाठी ती आहे. आपल्याला गळ्याखाली असते ते हसळीचे हाड घोड्याला नसते. त्याच्या छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. डोक्याच्या मागून एक जाड, चिवट दोरी निघते. ती मानेवरून खांद्याच्या उंचवट्याशी येते आणि तशीच काट्यांच्या टोकांवरून कमरेकडे जाते. घोडा मान लांबवून खाली नेतो तेव्हा ही दोरी ताणली जाते आणि काटे किंचित फाकतात. खालून पोटाचे स्नायू आवळले की पाठ वर उचलली जाते. पण हे घोड्याने आपण होऊन करावे लागते. नुसत्या विश्रांतीने दुखणे निवते, पाठ तयार होत नाही. म्हणून डॉक्टरांचा हुकूम असा : वर कोणी बसायचे नाही, घोडीला जमिनीवरून शिकवायचे.

शिकविणार चाचा. उमेदीची वर्षे त्यांनी पुण्यात रेसच्या तबेल्यात घालविली. पहिला महिनाभर ते तिला काढणी धरून चालवीत होते, एवढेच. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. थांबायचे, चारी पाय चौरस ठेवून उभे राहायचे, दोन पावले मागे, पुन्हा पुढे. तोंडात लोखंड नाही. मग गाजराचा पाठ आला. गाजर पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाली धरायचे. घोडी मान वाकवून तिथे पोहोचते आणि तिची पाठ कमानीसारखी वर येते. पोटाच्या मधल्या रेषेवर बोटे दाबली तरी तसेच होते. मी स्वतः दाबून पाहिले. माझ्या डोळ्यांदेखत तेवढी मोठी पाठ दोन बोटे वर आली. मांजरीची येते तशी.

पुढे जमिनीवर वासे मांडले, पावणेतीन फुटांच्या अंतराने. ते ओलांडायचे तर पाय उचलावे लागतात, खाली पाहावे लागते. आणि मग कावा. चाचा मध्ये उभे, हातात लांब दोरी, घोडी भोवती. फेर मोठा हवा. लहान फेरात सांध्यांना पीळ पडतो. डावीकडे जितके, तितकेच उजवीकडे. सुरुवातीला चंद्री डोके वर करून धावे. चाचा तिला ओरडत नसत, ओढत नसत. फक्त थांबून वाट पाहत. केव्हातरी तिची मान खाली जाई, ती नाकातून फुर्रर्र करी, शेपटी सैल पडे. "आली," चाचा म्हणत, आणि त्या दिवसाचे काम तिथेच संपे. इतकी कमी वेळाची आणि इतकी मन लावून घेतलेली शिकवणी मी आमच्या विद्यापीठात पाहिलेली नाही.

पाठीचा हा विचार काही आजचा नव्हे. झेनोफन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. कण्याच्या दोन्ही अंगांनी मांस भरून आलेली 'दुहेरी' पाठ बसायला मऊ आणि दिसायलाही देखणी, असे त्यात सांगितले आहे. चंद्रीचा कणा मात्र घराच्या आढ्यासारखा वर आलेला होता.

चार महिने असे गेले. येणारा-जाणारा बांधावरून विचारी, "बसायचे नाही, तर घोडी कशाला?" भाचेसुनेचाही प्रश्न तोच होता, फक्त तिच्या हातात भरड्याची आणि डॉक्टरांची बिले होती. मार्गशीर्षात लग्नसराई आली आणि एक वरातवाला दारात उभा राहिला. घोडी देखणी, पैसे रोख. भाच्याने त्या रात्री मला फोन केला. "मावशी, तो म्हणतो, नवरदेव काय अर्धाच तास बसतो."

"चाचा काय म्हणाले?"

"काही नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते."

मी काही सल्ला दिला नाही. बिले माझ्याकडे यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी कळले की भाचेसुनेनेच वरातवाल्याला चहा पाजून परत पाठविले.

फाल्गुनात मी गेले तेव्हा आढे बुजू लागले होते. कण्याच्या दोन्ही बाजूंना भर आली होती. जुने खोगीर कारागिराकडून उसवून घेतले होते. गाठी झालेला लोकरीचा भरणा काढून नवा घातला होता, मध्ये कण्यासाठी पन्हळ मोकळी ठेवून. 'खोगीरभरती' हा शब्द आपण टाकाऊ मजकुराला वापरतो. ज्याने तो तसा रूढ केला त्याला कधी घोड्याची पाठ तपासावी लागली नसणार.

खोगीर चढले तेव्हा चंद्रीने कान मागे घेतले, आणि पुन्हा पुढे केले. तंग पहिल्याच घरात. कोणी बसले नाही. चाचांनी तिला तशीच फिरवून आणली. असे तीन आठवडे. मग भाच्याची अकरा वर्षांची मुलगी, अंगाने हलकी, म्हणून तिला वर बसविले. चाचा काढणी धरून पुढे, घोडी मान खाली घालून मागे, आम्ही सगळे कुंपणाशी मुकाट्याने उभे. वाशांवरून ती नीट पाय उचलीत गेली. पलीकडच्या टोकाला फुर्रर्र आवाज आला.

"आजोबा, अजून एक फेरी?" मुलीने विचारले.

चाचांनी घड्याळ पाहिले. "पाच मिनिटं झाली. उतर."